देखरेखीचं वर्ष

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाचं माझं दुसरं वर्ष सुरू झालं आणि नोटीस बोर्डावर क्षेत्रकार्याची यादी लागली. आठवड्यातले दोन दिवस कुणी कुठं जाऊन काम शिकायचं, त्याची ती यादी. मैत्रिणीला जिल्हा रुग्णालय मिळालं, दुसरीला बचत गटांची संस्था. माझ्या नावापुढं लिहिलं होतं, परिविक्षा अधिकारी कार्यालय, बीड. बाकीच्यांनी मला विचारलं, हे काय असतं? मला सांगता आलं नाही. पुस्तकात तो धडा होता, पण परीक्षेला कधी येत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी सोडून दिलेला.

शनिवारी घरी गेले. आमचं गाव माजलगावजवळ. वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि आई अंगणवाडीत मदतनीस. जेवताना मी पप्पांना सांगितलं.

“हे पोलिसात हाय का?”

“न्हाई, पप्पा.”

“मग वकिलीचं?”

“ते बी न्हाई.”

“मग कोर्टात करनार काय तू?”

मी धडा वाचून गेले होते, म्हणून सांगितलं. एखाद्याचा गुन्हा सिद्ध झाला, पण तो पहिलाच आहे आणि माणूस सुधारण्यासारखा आहे असं कोर्टाला वाटलं, तर त्याला तुरुंगात न घालता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर घरी सोडतात. वर्षभर, कधी जास्त. तेवढ्या काळात त्याच्यावर देखरेख ठेवतो तो परिविक्षा अधिकारी. पप्पा ऐकत होते. आई मात्र भाकरी थापता थापता थांबली. “म्हणजे मारामारी केलेल्या लोकांच्या घरी तू जानार? एकटी?”

“सर असतील ना,” मी म्हटलं. सरांना मी तोवर पाहिलंही नव्हतं.

सरांचं कार्यालय म्हणजे एका सरकारी इमारतीच्या मागच्या बाजूची एक खोली, दोन टेबलं आणि न बसणारं दार असलेलं एक कपाट. सर म्हणजे तिथले परिविक्षा अधिकारी, पंचावन्नच्या पुढचे, नांदूरघाटकडचे. सरकारी गाडी नव्हती, एसटीनं फिरायचे. कापडी पिशवीत पाण्याची बाटली, भाकरी आणि फायली एकत्रच असायच्या, त्यामुळं काही फायलींना तेलाचे डाग होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझं काही विचारलं नाही. एक फाईल पुढं सरकवली आणि म्हणाले, “वाच. आन मला सांग, ह्यात ही बाई कोन हाय?”

शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावातली पस्तिशीची बाई. ऊसतोड करणारी. शेताच्या बांधावरून भांडण झालं आणि तिनं थोरल्या दिराच्या हातावर खोऱ्याचा दांडा घातला, हाताचं हाड मोडलं. साक्षीदारांचे जबाब होते, पंचनामा होता, डॉक्टरांचा दाखला होता. तिनं कोर्टात गुन्हा कबूल केला होता. मी तासभर वाचलं आणि सांगितलं, “आरोपी आहे, एवढंच कळतंय.”

“कोर्टाला बी तेवढंच कळतंय,” सर म्हणाले. “शिक्षा द्यायच्या आधी त्यांनी आपला अहवाल मागवलाय. बाई कशी हाय, घर कसं हाय, सोडली तर नीट राहील का. पयली भेट तू घेऊन ये. मग मी येतो.”

मी वही घेऊन गेले. एसटीनं शिरूरपर्यंत, पुढं शेअर जीपनं. ऑगस्टचा महिना, पण पाऊस ओढ देऊन बसलेला आणि बाजरी गुडघ्याएवढीच. पोलीस पाटलांनी मला त्यांच्या ओट्यावर बसवलं. “मॅडम कुठल्या म्हणायच्या?” मी माजलगाव सांगितलं. “तसं न्हाई, कुठल्या?” मी आडनाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, खुर्ची थोडी मागं सरकवली आणि नंतर काही विचारलं नाही. मला ह्याची सवय होती, मी वही उघडली.

त्यांनी बाईला बोलावून घेतलं. ती ओट्याखाली उभी राहिली, मी वर खुर्चीत. भोवती दहा-बारा माणसं. मी विचारलं, “का मारलं?”

“राग आला.”

“बांधावरून?”

तिनं पाटलांकडं पाहिलं. “व्हय. बांधावरून.”

अर्ध्या तासात माझी चार पानं भरली. स्वभाव रागीट. पश्चात्ताप दिसत नाही. गावात मत प्रतिकूल. परतताना जीपमध्ये मला वाटत होतं की आपण चांगलं काम केलं.

सरांनी चष्मा लावून ती चार पानं नीट वाचली. मग प्रश्न सुरू झाले.

“कुठं बसलीस?”

“पोलीस पाटलांच्या ओट्यावर.”

“ती कुठं होती?”

“खाली उभी होती.”

“भोवती कोन होतं?”

मी सांगितलं. सांगता सांगताच मला कळत गेलं. सरांनी कागद परत माझ्या हातात दिले. ओरडले नाहीत. “अक्षर चांगलं हाय तुझं. पन हे गावानं सांगितलेलं हाय. तिनं काय सांगितलं ते आनलंच न्हाईस.”

त्या दिवशी मी वसतिगृहावर जाऊन रडले. मग मैत्रिणीनं चहा आणला आणि म्हणाली, बदलून माग ना क्षेत्रकार्य, रुग्णालयात एक जागा आहे. मी म्हटलं, एकदा जाऊन येते, मग ठरवते.

दुसऱ्या खेपेला सर बरोबर होते. गावात शिरताच ते सरळ पारावर गेले आणि पुरुषांना गोळा करून बसले. जाताना मला हळूच म्हणाले, “ह्या लोकांना मी गुंतवतो. ती रानात असंल. जा.”

ती बाजरीत खुरपत होती. मला पाहून उठली, पदर सारखा केला. मी म्हटलं, उठू नका. बांधावर तिचं जादा खुरपं पडलं होतं, ते घेऊन मी तिच्या शेजारच्या काकरीत बसले. आमचं रान कालव्याखालचं, मी लहानपणी खुरपलेलं होतं, पण ते कॉलेजात जायच्या आधीचं. दहा मिनिटांनी ती म्हणाली, “ताई, तुमी गवत ठिवलं आन बाजरी उपटली.”

मी पाहिलं तर खरंच. आम्ही दोघी हसलो. ती पुढं सरकली, मीही सरकले. काकरी अर्धी संपल्यावर मी विचारलं, ह्या खेपेला वही न काढता, “कावून मारलं होतं?”

तिचं खुरपं चालूच होतं. मग खाली बघतच बोलली.

बांधाचं काही नव्हतं. बांध जिथं होता तिथंच होता. तिची मुलगी आठवीत, चौदा वर्षांची. दिरानं तिला गेवराईकडचं स्थळ आणलं होतं, मुलगा सव्वीसचा. हिनं दोनदा नाही म्हणून सांगितलं. तरी एक दिवस पाहुणे सुपारी फोडायला आले. नवरा गप्प. ही रानातून आली होती, हातात खोरं होतं. दीर म्हणाला, बाईमाणसाला विचारायचं कारण नाही.

“मग म्या खोरं उचललं. पात्याकडनं न्हाई, दांड्याकडनं. फिरवून धरलं म्या. तेवढं भान व्हतं.”

“मग लग्न?”

“पाव्हणे चहा ठिवून उठले.”

“हे कोर्टात का नाही सांगितलं?”

“कोर्टात पोरीचं नाव वाचून दाखवतेत. पेपरात येतंय. मग जलमभर लोक म्हनतेन, हिच्यापायी आईनं चुलत्याचा हात मोडला. त्यापरीस बांध बरा.”

दिरालाही ते सोयीचं होतं. अल्पवयीन मुलीचं लग्न ठरवल्याचं बाहेर आलं असतं तर तोही अडकला असता. म्हणून सगळ्या गावानं मिळून बांधाची गोष्ट सांगितली होती आणि ती मी चार पानांत सुवाच्य अक्षरात उतरवून आणली होती.

मी तिला सांगितलं की आमचा अहवाल गोपनीय असतो. बंद पाकिटात जातो, उघड कोर्टात वाचत नाहीत, न्यायाधीश वाचतात. ती थांबली. उपटलेलं गवत तिनं मुठीत धरून ठेवलं होतं. “निस्ते जज साहेबच?”

“हो.”

“मग लिवा.”

सर म्हणाले, ज्याला लागलंय त्यालाही भेटल्याशिवाय अहवाल पुरा होत नाही. मला दिराकडं जायचं नव्हतं. मनातून मी त्याच्यावर चिडले होते. तो घरी होता, उजवा हात अजून कोपरातून सरळ होत नव्हता. आम्हाला सगळं कळलंय हे त्यानं सरांच्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. बायकोला चहा टाकायला सांगून तो म्हणाला, “साहेब, आमी सहा महिने बाहेर. पोरगी मागं ठिवावी तर कुनाच्या भरवशावर? संगं न्यावी तर कोपीला दार नसतंय. माझ्या पोरीचं बी असंच केलं. हिचं वाईट कराया न्हवतो गेलतो मी.”

माजलगावात लहानपणी मी कालव्याकडेच्या त्या कोप्या रोज पाहिल्या होत्या. ऊसतोड्यांच्या, चटई आणि उसाच्या पाचटाच्या झोपड्या. त्यांना दार नसतं हे मला दिसत होतं, पण त्याचा असा विचार मी कधी केला नव्हता. दिराचं बोलणंही मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं. सरांनी ते खोडलं नाही. मात्र निघताना ते ग्रामसेवकाला भेटले आणि हे लग्न पुन्हा निघालं तर जबाबदारी कुणाची, ते त्याला समजावून आले. गावातलं बालविवाह रोखायचं काम त्याच्याकडंच होतं.

निकालाच्या दिवशी मी सरांमागं बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी पाकिटातला अहवाल आधीच वाचला होता. त्यांनी तिला एकच विचारलं, “पुन्हा असं कराल का?”

“मारनार न्हाई,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “पन गप बी बसनार न्हाई.”

शिरस्तेदारांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, गेली ही आत. पण न्यायाधीश लिहीत राहिले. एक वर्षाचं बंधपत्र, परिविक्षा अधिकाऱ्याची देखरेख. तिचा भाऊ जामीन राहिला.

व्हरांड्यात सरांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला अटी साध्या भाषेत सांगितल्या. दर महिन्याला भेट. भांडणतंटा नाही. पत्ता बदलायचा नाही. परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही. नवरा तोवर मान डोलावत होता, शेवटच्या अटीला त्याची मान थांबली. “आन कारखाना? त्यो तर दुसऱ्या जिल्ह्यात हाय.”

नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. अशा जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. सर म्हणाले, “घाबरू नका. अर्ज करता येतो. कोर्ट परवानगी देतंय. तिथल्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडं भेटी घ्यायच्या.” आणि माझ्याकडं वळून, “अर्ज तू लिही.”

माझ्या आयुष्यातला तो पहिला कोर्टातला अर्ज. आठ दिवस मी त्यावर घालवले. तिची अडचण, कुटुंबाची रोजीरोटी, कारखान्याचा पत्ता, सगळं मुद्देसूद. सरांनी दोन शब्द बदलले फक्त. दसरा झाल्यावर मी अर्ज घेऊन तिच्या सहीसाठी गावी गेले. गावात ट्रॅक्टर येऊन उभे होते, पत्र्याच्या पेट्या, चुली, शेळ्या बाहेर निघत होत्या. ती दारात बसली होती. मी अर्ज वाचून दाखवला. तिनं शांतपणे ऐकला.

“लई चांगलं लिवलंय, ताई. ह्यो कागद दिलाच न्हाई तर?”

“मग तुम्हाला जाता येणार नाही.”

“त्येच म्हनते मी.”

मी सहीसाठी काढलेलं पेन परत पर्समध्ये टाकलं.

“सोळा वर्सं झाली मला ऊस तोडून,” ती म्हणाली. “पोरीची साळा म्या पावसाळ्यातच बगितली, दसऱ्यानंतरची कंदी न्हाई. आता मी मागं ऱ्हाते म्हनलं तर कोन ऐकनार? पन कोर्टानं थांबवलं म्हनलं तर कोन बोलनार? मी घरी हाय म्हनल्यावर पोरगी बी घरी. मग लग्नाची घाई कशाला?”

ज्या अटीला आम्ही सगळे शिक्षा समजत होतो, तिच्यासाठी ती सोळा वर्षांतली पहिली सवड होती. मी अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि बीडला आले. एसटीत मला आनंद होत होता आणि भीतीही वाटत होती.

सरांना सांगितलं. ते बराच वेळ पेन्सिलीनं टेबलावर टकटक करत राहिले. “तिला अर्ज करायचा नसंल तर जबरदस्ती न्हाई. पन तिच्या नवऱ्याला हे माहीत हाय का? अर्ज करता येतो हे त्यानं त्या दिवशी ऐकलंय. उद्या त्याला कळलं की कागद तयार होता आन तुमी दोघींनी दडवला, तर तू देखरेख कशाची करशील? आडून काही करायचं न्हाई. तिनं त्याला तोंडानं सांगायला पायजे.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं गेलो. तिनं नवऱ्यासमोर सांगितलं, मान वर करून. “परवानगी मिळती. पन म्या अर्ज करत न्हाई. मला ऱ्हायचंय.” नवरा पेटीला दोरी बांधत होता. बांधून झाल्यावर म्हणाला, “मला तवाच कळलं व्हतं. कोर्टात साहेब म्हनले जिल्हा सोडायचा न्हाई, तवा तू हसली व्हतीस.” त्यानं पेटी उचलून दाराबाहेर ठेवली. मग म्हणाला, “औंदा मी ट्रॅक्टरवर ऊस भरायला जातो. त्याला एकटा मानूस चालतो.”

तो गेला. गाव निम्मं रिकामं झालं. आता हिला काम पाहिजे होतं. गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं, म्हणजे आईबाप उसाला गेलेल्या लहान मुलांची सहा महिन्यांची राहण्याजेवणाची सोय. तिथं स्वयंपाकाला बाई हवी होती. मी सरांना म्हटलं, तुम्ही मुख्याध्यापकांशी बोला. ते म्हणाले, “मी पुढच्या वर्षी निवृत्त होनार. तूच बोल.”

मुख्याध्यापक भले गृहस्थ, पण अडखळले. “गुन्हा शाबीत झालेली बाई आहे हो. पालक काय म्हणतील?”

मी ते कलम एसटीत पाठ करून गेले होते. परिविक्षेवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळं कुठलीही अपात्रता येत नाही. मी ते सांगितलं, बरोबर आणलेली प्रत दाखवली. त्यांनी विचारलं, “तुम्ही वकील का?”

“नाही सर. विद्यार्थिनी आहे.”

“दोन दिवस द्या,” ते म्हणाले. नंतर कळलं की त्या दोन दिवसांत त्यांनी पालकांना फोन लावले. त्या दिराची दोन धाकटी लेकरंही त्याच वसतिगृहात होती, म्हणून त्यालाही. तो तेव्हा कारखान्यावर पोचला होता, हात धड नसल्यानं मुकादमाच्या हाताखाली नोंदी ठेवायचं काम करत होता. त्यानं मुख्याध्यापकांना सांगितलं, “तिला घ्या. ती करती तसं कालवन आमच्या घरात कोन करीत न्हाई. लेकरं पोटभर खातेन.”

मुख्याध्यापकांनी हे मला सांगितलं तेव्हा मी शाळेच्या नळावर जाऊन तोंड धुऊन आले.

त्या हिवाळ्यातल्या भेटी मला आवडायच्या. मी गेले की ती शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये परातभर पीठ मळत असायची. मुलगी शाळा सुटल्यावर मदतीला यायची, पण तिचं खरं लक्ष शेळ्यांकडं. एकदा तिनं एका करडाच्या मोडक्या पायाला तुराटीच्या काड्या बांधल्या होत्या आणि ते करडू सगळ्या शेडभर लंगडत फिरत होतं. मी विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, मोबाईलवर बघितलं.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. फेब्रुवारीत मी गेले तर घराला कुलूप. वसतिगृहात दुसरीच बाई भाकरी करत होती. तिकडं नवऱ्याच्या पायावर मोळी पडली होती आणि निरोप मिळताच ही, मुलीला मामाकडं ठेवून, आम्हाला न विचारता, जिल्ह्याबाहेर निघून गेली होती. मी सरांना विचारलं, हे लिहिलं नाही तर चालणार नाही का? ते म्हणाले, “लिहावंच लागतंय. चांगलं असंल ते लिहायचं आन वाईट सोडायचं, तर आपल्या शब्दाला किंमत काय?” तिसऱ्या दिवशी ती स्वतःच बीडला कार्यालयात आली, पायात चपला तशाच धुळीच्या. म्हणाली, “चुकलं. पन गेल्याबिगर ऱ्हावलं न्हाई.” सरांनी दवाखान्याचा कागद मागितला, तो तिनं आणला होता. अहवाल कोर्टात गेला. न्यायाधीशांनी समज दिली आणि आदेश तसाच चालू ठेवला. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “ताई, पुढच्या टायमाला आधी फोन करते. तुमचा नंबर पोरीला पाठ करून ठिवते.”

वर्ष संपलं तोवर माझी पदवी हातात आली होती. शेवटचा अहवाल लिहायला सरांनी मला मुद्दाम बोलावलं. मी तो एका पानात संपवला. मग सर निवृत्त झाले आणि मी परीक्षेला बसले.

कारण हे काम करायचं असेल तर स्पर्धा परीक्षा द्यावी लागते. जागा थोड्या निघतात, कधी निघतच नाहीत. पहिल्या खेपेला माझं नाव यादीत आलं नाही. वर्षभर मी माजलगावात एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका घेतल्या आणि पहाटे अभ्यास केला. दुसऱ्या खेपेला निवड झाली. नेमणूक दुसऱ्या जिल्ह्यात मिळाली, तिथं दोन वर्षं काढली. गेल्या वर्षी बदली होऊन मी बीडला आले.

आता माझ्याकडं क्षेत्रकार्याला विद्यार्थी येतात. मागच्या महिन्यात एका कॉलेजनं मला बोलायला बोलावलं होतं. मुलांनी विचारलं, ह्यात पुढं काय आहे? मी त्यांना खरं तेच सांगितलं. परिविक्षा अधिकारी, बाल न्याय मंडळाकडचं काम, तुरुंगातले कल्याण अधिकारी, विधी सेवा प्राधिकरणात कायदेशीर मदतनीस. जागा कमी, फिरती जास्त आणि लोकांना तुमच्या हुद्द्याचा अर्थ सांगत राहावं लागतं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “मॅडम, भीती नाही वाटत? गुन्हेगारांच्या घरी जायला?” मी म्हटलं, वाटते. पहिल्या भेटीला दरवेळी वाटते. पण मी आजवर ज्या घरांत गेले, त्यातल्या बहुतेक घरांत मला कुणी ना कुणी भाकरी खायला थांबवलं. तास संपल्यावर ती मुलगी क्षेत्रकार्याच्या अर्जाचा नमुना मागायला मागं थांबली.

ह्या जूनमध्ये मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. त्याच बाईची मुलगी होती, तेव्हाची चौदा वर्षांची. म्हणजे आता चौदाची नाही, बारावी झालेली. तिला पशुवैद्यकाच्या पदविकेला प्रवेश घ्यायचा होता आणि त्यासाठी जातीच्या दाखल्याच्या अर्जाला कुठले कागद जोडायचे ते कळत नव्हतं. मी म्हटलं, बीडला या, मी सेतू केंद्राच्या दारात थांबते.

मायलेकी सकाळच्या पहिल्या एसटीनं आल्या. आईच्या कपाळावरचे केस पांढरे झाले होते, पिशवीत माझ्यासाठी तुरीची डाळ होती. ती अजून त्याच शाळेत स्वयंपाक करते, आता बारमाही. नवऱ्यानं ऊस सोडला, गावात दोघांनी शेळ्या धरल्यात. दिराबद्दल मी विचारलं. “बोलतो की,” ती म्हणाली, “पोरीला कालच म्हनला, माझ्या म्हशीला पयलं इंजेक्शन तूच टोचायचं.”

रांग लांब होती. मुलगी फॉर्म भरत होती, आई तिच्या खांद्यावरून अक्षरांकडं बघत होती. मला अकराला सुनावणी होती. मी कागद एकदा तपासले, राहून गेलेला फोटो चिकटवला आणि त्या दोघींना रांगेत सोडून कोर्टाकडं निघाले.